बाळ झालं की बीपी आपोआप उतरतं का?

तुम्ही पहिलटकरीण, एकतिसावा आठवडा चालू. आजवर बीपी ११०/७० च्या आसपास असायचं. परवाच्या तपासणीत ते १४६/९४ निघालं, चार तासांनी पुन्हा मोजलं तर १४४/९२. लघवीत प्रोटीन नाही. डॉक्टरांनी लॅबेटॅलॉल ही बीपीची गोळी सुरू केली. घरची मंडळी म्हणतात, टेन्शन घेतेस म्हणून वाढलं, मीठ सोड, आडवी पडून राहा, बाळ झालं की आपोआप उतरेल. तुमचे प्रश्न दोन आहेत: गोळीचा बाळाला त्रास होईल का, आणि हे दुखणं खरंच बाळंतपणाबरोबर संपतं का?

२६ वर्षं मी बाळंतपणं करते आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण गफलत तिथेच होते. बाळंतपणाबरोबर आजाराचं मूळ निघून जातं, पण बीपी त्या दिवशी संपत नाही. पुष्कळ जणींचं बीपी बाळ झाल्यावर एक-दोन दिवस बरं राहतं आणि तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत पुन्हा चढतं. नेमकी तेव्हा बाई घरी आलेली असते, सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं आणि बीपीचं मशीन कपाटात गेलेलं असतं. याबद्दल पुढे सविस्तर सांगते. आधी हे बीपी येतं कुठून ते समजून घ्या. म्हणजे टेन्शनचा आरोप तरी तुमच्या डोक्यावरून उतरेल.

गर्भाशयाच्या भिंतीत पिळदार, बारीक रोहिण्या असतात. गर्भ रुजताना वारेच्या पेशी या रोहिण्यांत शिरतात, त्यांच्या भिंतीतला स्नायू मोडतात आणि त्यांना रुंद, सैल करून टाकतात, म्हणजे पुढे वाढत्या बाळाला भरपूर रक्त मिळावं. काही जणींमध्ये हे काम अर्धवट राहतं. रोहिण्या अरुंदच राहतात, वारेला रक्त कमी पडतं आणि ती आईच्या रक्तात काही प्रथिनं सोडू लागते. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर निरोगी ठेवणारे जे घटक आपल्या शरीरात असतात, त्यांना ही प्रथिनं अडवतात. अस्तर बिघडलं की रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून बीपी वाढतं. त्या पाझरू लागतात, म्हणून सूज येते आणि लघवीत प्रोटीन उतरतं. हीच गडबड यकृतात, मेंदूत, प्लेटलेटमध्ये दिसू शकते. पूर्वी याला शरीरात विष साठल्याचा आजार म्हणत असत. तसं विष काही नसतं, पण आजार फक्त बीपीचा नाही, सगळ्या शरीराचा आहे, एवढं त्या जुन्या डॉक्टरांनी बरोबर ओळखलं होतं.

वारेच्या मुळाशी हा बिघाड होतो तो पहिल्या काही महिन्यांत, तुम्हाला काहीही जाणवत नसताना. त्यामुळे गेल्या आठवड्यात तुम्ही कशाची काळजी केली, कोणाशी वाद झाला, किती काम केलं, याने हे आलेलं नाही. घाबरल्याने एखादं माप तेवढ्यापुरतं चढतं, हे खरं. पण चार तासांच्या अंतराने दोन्ही मापं १४०/९० च्या वर आली, तर त्याला टेन्शन म्हणून सोडून देता येत नाही. आपल्यामुळेच बाळाला धोका झाला असं समजून रडणाऱ्या कितीतरी जणी माझ्यासमोर बसल्या आहेत. त्या प्रत्येकीला मी हे वारेचं चित्र काढून दाखवते.

आता तुमच्या आकड्यांकडे येऊ. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९०, यांपैकी एक जरी गाठला किंवा ओलांडला आणि निदान चार तासांनी पुन्हा तसाच आला, तर ते वाढलेलं बीपी. विसाव्या आठवड्याच्या आधीच वाढलेलं असेल, तर ते बहुधा जुनंच असतं. विसाव्या आठवड्यानंतर वाढलं आणि सोबत लघवीत प्रोटीन किंवा रक्त, यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांपैकी कशावर परिणाम दिसला, तर ते प्रीएक्लॅम्प्सिया. सोबत काहीच नसेल, तर ते गरोदरपणातलं साधं वाढलेलं बीपी. तुम्ही आज या शेवटच्या गटात आहात.

‘साधं’ या शब्दावर मात्र विसंबू नका. असं बीपी ३२ आठवड्यांच्या आत सुरू झालेल्या बायकांत निम्म्या जणींपर्यंत ते पुढे प्रीएक्लॅम्प्सियाकडे जाऊ शकतं. शिवाय लघवीत प्रोटीन नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. प्रोटीन नसतानाही प्लेटलेट एक लाखाच्या खाली गेले, यकृताचे एन्झाइम दुप्पट झाले किंवा मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढलं, तर आम्ही त्याला प्रीएक्लॅम्प्सियाच धरतो. म्हणून तुम्हाला वारंवार लघवी आणि रक्त तपासायला सांगतील, सोनोग्राफीत बाळाची वाढ आणि नाळेतला रक्तप्रवाह बघतील. हे सगळं उगाच चाललंय असं वाटू देऊ नका. हा आजार आठवड्यात रूप बदलतो, कधीकधी दोन दिवसांतही.

तुमचं मूळचं बीपी ११०/७० होतं, हे फार कामाचं आहे. गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांत बीपी मुळात थोडं खाली येतं. ज्यांनी पहिल्या तीन महिन्यांत बीपी मोजलेलंच नसतं, त्यांचं जुनं वाढलेलं बीपी या उतारात लपून जातं आणि सातव्या-आठव्या महिन्यात वर आलं की नवं की जुनं हे ठरवणं अवघड होतं. तुमच्या पहिल्या तपासणीचा कागद जपून ठेवा.

गोळीबद्दल. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन आणि मिथाइलडोपा ही तीन औषधं गरोदरपणात कितीतरी वर्षं वापरात आहेत आणि त्यांच्याविषयी आमच्याकडे भरपूर अनुभव आहे. ‘बीपी फार उतरवलं तर बाळाला रक्त कमी पडेल’ ही भीती पूर्वी डॉक्टरांनाही होती. १६०/११० पर्यंत वाट बघत थांबायची पद्धत त्यातूनच आली होती. २०२२ साली अमेरिकेतला चॅप नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जुनं, सौम्य वाढलेलं बीपी असलेल्या २,४०८ गरोदर स्त्रिया त्यात होत्या. ज्यांचं बीपी औषधाने १४०/९० च्या खाली ठेवलं, त्यांच्यात गंभीर प्रीएक्लॅम्प्सिया आणि फार लवकरची प्रसूती कमी झाली, आणि बाळं लहान राहण्याचं प्रमाण वाढलं नाही. तुमचं बीपी जुनं नाही, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा तुम्हाला लावणार नाही, पण गोळीने बाळ सुकतं ही भीती त्याने बरीच कमी झाली. जन्मानंतर बाळाची साखर आणि हृदयाचे ठोके थोडे जास्त बारकाईने बघावे लागतात, इतकंच. तुम्हाला दमा असेल तर मात्र आजच डॉक्टरांना सांगा, कारण लॅबेटॅलॉलने दमा बळावू शकतो.

एक गोष्ट स्पष्टच सांगते. गोळी आकडा खाली ठेवते आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुटण्यापासून तुम्हाला वाचवते. वारेचा बिघाड ती दुरुस्त करत नाही. म्हणून १३०/८० दिसायला लागलं की तपासण्या थांबवायच्या नाहीत आणि गोळीही स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. आणि घरात दुसऱ्या कोणाला बीपी असेल, तर ‘तीच तर गोळी आहे’ म्हणून त्यांच्या पाकिटातली घेऊ नका. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल ही एरवी चांगली औषधं पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडांना इजा करतात.

मीठ सोडल्याने हे बीपी उतरत नाही. नेहमीइतकं मीठ खा. दिवसभर आडवं पडून राहण्यानेही आजार थांबत नाही, उलट पायांच्या शिरांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. थकवा आला की विश्रांती घ्या, बाकी हिंडतं-फिरतं राहा. कूस बदलण्याबद्दल मात्र एक नेहमीची चूक सांगायला हवी. डाव्या कुशीवर झोपून वरच्या बाजूच्या दंडावर बीपी मोजलं की ते खोटं कमी येतं, कारण तो दंड हृदयापेक्षा उंचावर असतो. ‘झोपवल्यावर बीपी उतरलं’ असं सांगून धीर दिला जातो, तेव्हा पुष्कळदा एवढंच घडलेलं असतं.

घरी मोजायची रीत अशी. लघवीला जाऊन या, पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, एकावर एक टाकलेले नाहीत. दंड उघडा, हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीला. मोजताना बोलायचं नाही. अर्धा तास आधी चहा-कॉफी नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागवा, कारण लहान पट्ट्यावर आकडा खोटा वाढतो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही मापं तारीख-वेळेसकट वहीत लिहा. मनगटावरची मशीनं मला पसंत नाहीत. दंडावर लावायचं, गरोदरपणासाठी तपासून प्रमाणित केलेलं मशीन घ्या आणि एकदा दवाखान्यात नेऊन तिथल्या मापाशी पडताळून बघा. प्रीएक्लॅम्प्सियात काही स्वयंचलित मशीनं बीपी प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतात.

१६०/११० किंवा त्याच्या वर माप आलं, तर १५ मिनिटांनी पुन्हा मोजा आणि तरीही तसंच असेल तर थेट रुग्णालय गाठा. सकाळ होण्याची वाट बघायची नाही. आकडा याहून कमी असतानाही डोकं ठणकत असेल आणि पॅरासिटामॉलने थांबत नसेल, डोळ्यांपुढे चमकतंय किंवा धूसर दिसतंय, धाप लागतेय, लघवी एकदम कमी झालीय, चेहरा आणि हात एका रात्रीत सुजलेत, बाळाची हालचाल मंदावलीय, तरीही निघायचं. उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खालच्या खळग्यात दुखलं तर ॲसिडिटी समजून गप्प बसू नका. यकृत सुजल्याचं ते दुखणं असू शकतं. रक्तपेशी फुटणं, यकृताचे एन्झाइम वाढणं आणि प्लेटलेट घसरणं हे तिन्ही एकत्र आलं की त्याला हेल्प सिंड्रोम म्हणतात. त्याची सुरुवात पुष्कळदा याच दुखण्याने होते आणि बीपी तेव्हा फारसं वाढलेलं नसतंही.

रुग्णालयात मॅग्नेशियम सल्फेट द्यायचं ठरलं, तर घाबरू नका. ते बीपीचं औषध नाही, आकडी येऊ नये म्हणून देतात. अंगातून गरम वाफ गेल्यासारखं वाटतं, ते थोड्या वेळात जातं. २००२ साली मॅगपाय नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३३ देशांतल्या १०,००० हून अधिक स्त्रियांचा त्यात समावेश होता. मॅग्नेशियम दिलेल्यांमध्ये आकडीचा धोका निम्म्याहून कमी झाला. इतकं जुनं, साधं औषध इतकं उपयोगी पडावं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

सगळं आटोक्यात राहिलं, तर ३७ आठवडे भरल्यावर डॉक्टर प्रसूती करून घेण्याविषयी बोलतील. बीपी आहे म्हणजे सिझरच, असं नाही. कळा आणून नैसर्गिक प्रसूती पुष्कळ जणींची होते. आजार त्याआधी बिघडला तर आधी करावी लागते, आणि ३४ आठवड्यांच्या आत करायची वेळ आली तर बाळाच्या फुप्फुसांसाठी तुम्हाला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात.

आता बाळ झाल्यानंतरचं बोलू. गरोदरपणात शरीर कितीतरी लिटर जादा पाणी धरून ठेवतं. प्रसूतीनंतर हे पाणी पेशींभोवतीच्या जागेतून परत रक्तात येतं आणि मग लघवीवाटे जातं. हे मुख्यतः पहिल्या आठवड्यात होतं. ज्यांच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर अजून सावरलेलं नाही, त्यांच्यात एवढं पाणी एकदम आलं की बीपी उसळतं. त्यात टाक्यांचं दुखणं, रात्रीची जाग, शिवाय कोणी ‘आता बाळ झालं’ म्हणून गोळी बंद केलेली असते.

काही वर्षांपूर्वी एक बाई प्रसूतीनंतर पाचव्या रात्री आमच्याकडे आली. गरोदरपणात तिचं बीपी एकदाही वाढलेलं नव्हतं. दोन दिवस डोकं दुखत होतं. झोप नाही म्हणून दुखतंय, असं तिला आणि घरच्यांना वाटलं. घरी पाठवताना डोकेदुखीबद्दल आम्हीही तिला काही सांगितलं नव्हतं. तेव्हा तसं सांगायची पद्धतच नव्हती. तिचं बीपी १७८/११६ होतं आणि तपासणीच्या टेबलावरच तिला आकडी आली. मॅग्नेशियम दिलं, बीपी उतरवलं, ती पूर्ण बरी होऊन बाळाकडे परतली. पण ते दोन दिवस मला अजून टोचतात. त्यानंतर आमच्याकडून घरी जाणाऱ्या प्रत्येक बाळंतिणीला, बीपी असो वा नसो, ही लक्षणं तोंडी सांगितली जातात आणि लिहूनही दिली जातात.

प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत प्रीएक्लॅम्प्सिया होऊ शकतो. त्या काळात कुठल्याही डॉक्टरकडे, कुठल्याही कारणाने गेलात, तरी पहिलं वाक्य ‘मला इतक्या दिवसांपूर्वी बाळ झालंय आणि गरोदरपणात बीपी होतं’ हेच असू द्या. अपघात विभागातल्या डॉक्टरला समोरच्या तरुण बाईची डोकेदुखी साधीच वाटते, या एका वाक्याने त्याचं सगळं लक्ष बदलतं. पाठीत भुलीची सुई घेतलेल्यांची डोकेदुखी ‘सुईची’ म्हणून सोडून दिली जाते. सुईची डोकेदुखी बसलं की वाढते, आडवं झालं की बरीच कमी होते. तरीही बीपी मोजल्याशिवाय तसं ठरवू देऊ नका. आणि प्रसूतीच्या खोलीत आपल्याला बीपी असल्याचं सगळ्यांना पुन्हा सांगा. रक्तस्राव थांबवण्यासाठी देतात ते मिथाइलअर्गोमेट्रिन बीपी असलेल्या बाईला टाळायचं असतं, ते बीपी झपाट्याने चढवतं.

अंगावर पाजताना लॅबेटॅलॉल, निफेडिपिन घेता येतं. गरोदरपणात टाळलेलं एनालाप्रिलही दिवस भरून जन्मलेल्या बाळाच्या आईला चालतं. याचा गोंधळ होतो, म्हणून मुद्दाम सांगितलं. मिथाइलडोपा घेत असाल तर बाळंतपणानंतर ते बदलून घ्या, त्याने मन खचल्यासारखं होऊ शकतं आणि त्या दिवसांत तो त्रास नको. औषधांच्या भीतीने दूध तोडण्याचं काहीच कारण नाही.

पहिले दहा दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा. प्रसूतीनंतर तीन दिवसांच्या आत एकदा आणि सात ते दहा दिवसांनी पुन्हा डॉक्टरांना माप दाखवा. मग गोळी हळूहळू उतरवत नेतात, बहुतेकींची सहा आठवड्यांत सुटते. बारा आठवड्यांनंतरही बीपी वाढलेलंच असेल, तर ते आता तुमचं कायमचं बीपी आहे असं समजून पुढची तपासणी होते. हे घरचं मोजणं किती उपयोगी आहे, ते २०२३ साली ऑक्सफर्डमधल्या एका अभ्यासात दिसलं. ज्या बायकांनी बाळंतपणानंतर घरी बीपी मोजून डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध कमी-जास्त केलं, त्यांचा खालचा आकडा नऊ महिन्यांनंतरही, औषध बंद झाल्यावरही, नेहमीच्या देखभालीतल्या बायकांपेक्षा साधारण सहाने कमी होता. सुरुवातीच्या त्या थोड्या आठवड्यांत बीपी नीट राखलं, तर रक्तवाहिन्या बऱ्या सावरतात, असा मी त्याचा अर्थ घेते.

पुढच्या वेळी पुन्हा काही ना काही बीपी होण्याची शक्यता साधारण पाचात एक. पुढची गर्भधारणा झाली की बाराव्या आठवड्याच्या सुमारास रोज रात्री कमी मात्रेतली ॲस्पिरिन सुरू करायची का, हे लगेच विचारा. २०१७ च्या ॲस्प्री अभ्यासात धोका जास्त असलेल्या बायकांना रोज १५० मिलिग्रॅम दिल्यावर ३७ आठवड्यांच्या आतला प्रीएक्लॅम्प्सिया ६२ टक्क्यांनी घटला. मात्र ती लवकर, सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू व्हायला हवी. आज एकतिसाव्या आठवड्यात तिचा उपयोग नाही, म्हणून तुम्हाला ती दिली नसेल. आणि वर्षातून एकदा बीपी मोजण्याची सवय आयुष्यभर ठेवा. प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या बायकांत पुढे हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट असतो.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा: प्लेटलेट आणि यकृताची तपासणी कधी, बाळाच्या वाढीची सोनोग्राफी कधी, आणि रात्री-अपरात्री माप वाढलं तर कुठे यायचं. घरी मात्र एक गोष्ट आत्ताच ठरवून ठेवा. बाळ झाल्यानंतर तिसऱ्यापासून सहाव्या दिवसापर्यंत तुमच्या दंडाला पट्टा बांधून आकडा वहीत कोण लिहिणार, त्याचं नाव ठरवा. तुमचे हात तेव्हा रिकामे नसतील.